वाटेचे ऋण

डोंगरावरील देवतेच्या दर्शनास गेलेला भाविक घरी परतल्यावर आप्तेष्टांना यात्रेची हकिकत सांगतो. देवीच्या मुखावरील तेज, गाभाऱ्यातील दाटी, महाप्रसादाची चव, परतीच्या एस. टी.ला झालेला उशीर, सारे काही तो सांगतो. ज्या वाटेने तो चढून गेला त्या वाटेविषयी मात्र तो सहसा काही बोलत नाही. वाट निसरडी असती, पायरी ढासळलेली असती, बरोबरच्या कोणाचा पाय मुरगळला असता, तर पहिली गोष्ट वाटेचीच निघाली असती. चांगली वाट पायाखाली असूनही ध्यानात येत नाही, आणि ती ध्यानात न येणे हीच तिच्या चांगुलपणाची खूण होय.

परंतु यामुळेच एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. ज्यांच्या कष्टामुळे आपले पाऊल सुखरूप पडले त्यांचे आपण काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते कोणास व कसे फेडावे? वाटेसाठी द्रव्य देणारा दाता, तिच्यावर दगड रचणारा कष्टकरी आणि तिच्यावरून चालत जाणारा यात्रेकरू, या तिघांमध्ये पुण्याचा वाटा कोणाचा? हा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. तथापि दान, सेवा आणि यात्रा या तिन्हींचा खरा अर्थ त्यात गुंतलेला असल्यामुळे भाविकांनी व देणगीदारांनी त्याचा शांतपणे विचार करणे उचित ठरेल.

हिवाळ्यातील काम

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कसा पडतो हे घाटाखाली राहणाऱ्यास सांगून समजत नाही. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. डोंगराच्या अंगावर काळा कातळ, त्यावर मुरूम आणि वर लाल मातीचा पातळ थर असतो. माणसांच्या व गुराढोरांच्या पावलांनी वाट थोडी खोलगट झालेली असते. उतारावरून येणाऱ्या पाण्याला ती आयती पन्हळच मिळते. पाणी वाटेत शिरले की प्रथम माती जाते, मग बारीक खडी जाते आणि शेवटी पायऱ्यांचे दगड आधार सुटल्यामुळे हलू लागतात. ज्येष्ठात धडधाकट असलेली वाट आश्विनात ओहोळासारखी दिसते.

तिच्या दुरुस्तीचा काळ हिवाळ्याचा. आश्विन-कार्तिकात भाताची कापणी व झोडणी उरकली की गावकऱ्यांचे हात थोडे मोकळे होतात. जमिनीत अद्याप ओल असते, त्यामुळे पहार व कुदळ सहज चालते. हेच काम फाल्गुनापर्यंत रेंगाळले तर माती दगडासारखी घट्ट होते आणि उन्हामुळे माथ्यावर दुपारी उभे राहवत नाही. शिवाय गवत वाळल्यावर वणव्याचे भय असते, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांचे गवत त्याआधीच कापून काढावे लागते. बऱ्याच डोंगरी देवस्थानांच्या जत्रा माघापासून चैत्रापर्यंत भरतात. सप्तशृंगगडाची मोठी यात्राही चैत्रातच असते. म्हणजे मार्गशीर्ष आणि पौष हेच दोन महिने कामाचे. थंडी कडाक्याची असते, दवाने गवत भिजलेले असते, दगड हातात घेतला तर बोटे बधिर होतात. तरीही रविवार आला की पहाटेच्या अंधारात पायथ्याशी माणसे जमू लागतात.

त्यांत गावातील तरुण मंडळांची मुले असतात, शहरातून आलेले गिर्यारोहक असतात, 1969 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांना आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. कार्यालयात आठवडाभर खुर्चीवर बसणारे गृहस्थ असतात, तसेच ज्यांनी आयुष्यभर दगडच हाताळला असे वृद्ध गवंडीही असतात. पहार, फावडे, टिकाव, घमेले, कोयता एवढीच त्यांची सामग्री. डोंगरावर यंत्र चढत नाही. सिमेंटची एक गोणी वर न्यायची तर ती कोणाच्या तरी पाठीवरूनच जाते.

नव्याने आलेल्या स्वयंसेवकाची इच्छा पायरी बसविण्याची असते, कारण पायरी दिसते. जाणते वृद्ध त्याला आधी चर खणावयास लावतात. पाण्याला आधी वाट करून द्यावी, माणसाला नंतर, हा या कामाचा पहिला नियम होय. डोंगराच्या बाजूने येणारे पाणी अडवून ते वाटेखालून अथवा वाटेवरून तिरप्या दगडी चरीने दरीच्या बाजूस काढून द्यावे लागते. वाटेचा पृष्ठभागही किंचित बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा लागतो, म्हणजे पाणी साचत नाही व वाटेच्या लांबीने धावत सुटत नाही. धारेच्या बाजूचा बांध रचताना दगड थोडे डोंगराकडे कलते बसवितात. खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ देत नाहीत आणि फटींत चिपा ठोकून दगड पक्का करतात. पायरीचा दगड जेवढा बाहेर दिसतो त्याहून अधिक मातीत गेलेला असतो. वरच्या पायरीचे वजन खालच्या पायरीच्या मागील कडेवर येईल अशा रीतीने तो बसला तरच टिकतो.

एका दिवसात पाच-सहा माणसांच्या हातून तीन-चार पायऱ्या आणि एखादी चर एवढेच काम होते. हात सोलवटतात, पाठ भरून येते. पुढल्या पावसाळ्यात ती वाट जागच्या जागी राहिली तर काम चांगले झाले असे समजावयाचे. ज्या कामाच्या यशाचे प्रमाण म्हणजे काहीच न घडणे, त्या कामाची कोणी वाखाणणी करीत नाही. वाहून न गेलेल्या मातीचे छायाचित्र काढता येत नाही आणि न ढासळलेल्या पायरीचा सत्कारही होत नाही.

दाता आणि कष्टकरी

आपल्या परंपरेत यज्ञयागादी कर्मांना इष्ट आणि विहिरी, तलाव, देवालये, धर्मशाळा, अन्नदान, उपवने यांसारख्या लोकोपयोगी कर्मांना पूर्त अशी नावे आहेत. वाट बांधणे हे पूर्तकर्मच होय. या कर्माची मोठी परंपरा महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाहावयास मिळते. जेजुरीच्या गडावरील पायऱ्या, कमानी व दीपमाळा भाविकांनी नवसाच्या म्हणून उभारल्या. सप्तशृंगगडावर देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्या सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी 1710 च्या सुमारास बांधविल्याचे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. त्याच डोंगरावर खालच्या बाजूने चढणाऱ्या पायऱ्या नाशिकच्या कोन्हेर, रुद्राजी व कृष्णाजी या तीन बंधूंनी 1768-69 मध्ये केल्या आणि त्यांची नावे वाटेवरील शिलालेखांत कोरलेली आहेत.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या भावांची नावे आज ठाऊक आहेत ती शिलालेखांमुळेच. परंतु कातळावर छिन्नी चालविणाऱ्या हातांची नावे त्या दगडावर नाहीत. येथे सहृदय माणसाच्या मनात विषाद येतो आणि तो म्हणतो की, पाटीवर नाव कोरविणे हा अहंकार होय. खरे पुण्य घाम गाळणाऱ्याचे. हे म्हणणे ऐकावयास चांगले वाटते, पण ते पूर्ण सत्य नाही. द्रव्य देणाऱ्याने द्रव्य दिले नसते तर छिन्नी चाललीच नसती आणि त्या पाथरवटाच्या घरी त्या वर्षी चूलही कदाचित पेटली नसती. कोरलेले नाव पाहून पुढच्या पिढीतील एखाद्यास आपणही काही करावे अशी बुद्धी होते, हेही खरे आहे. देवस्थानांच्या कारभाराचा ज्यांना अनुभव आहे ते प्रांजळपणे मान्य करतील की, भिंतीवरील एक फरशी दहा देणग्या आणते.

गुजरातेतील गिरनारचे उदाहरण याहून विलक्षण आहे. सुमारे दहा हजार पायऱ्यांच्या त्या मार्गासाठी 1889 मध्ये जुनागड संस्थानात लॉटरी काढून निधी उभारण्यात आला. तिकीट घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मनात पायऱ्या नसतील, बक्षीसच असेल. तरीही त्यांच्या पैशाने बसलेल्या दगडांवरून आज आजारी, वृद्ध, निर्धन असे असंख्य यात्रेकरू चढून जातात. दात्याचा हेतू अशुद्ध असला म्हणून पायरी निसरडी होत नाही. हेतूचा हिशेब दात्याच्या अंतःकरणात होतो. पायरीचा हिशेब पायाखाली होतो. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळू नयेत.

मग पाटीचा दोष तो काय? दोष असा की, पाटी काम संपल्याचे जाहीर करते. वाटेचे काम कधीच संपत नाही. कमानीसाठी देणगी देणारे पुष्कळ मिळतात, त्याच कमानीखालील तुंबलेली चर साफ करण्यासाठी देणगी देणारा विरळा. नवीन बांधकामाला नाव असते, डागडुजीला नाव नसते. परिणामी एखाद्या डोंगरावर संगमरवरी प्रवेशद्वार उभे राहते आणि त्याच्या पुढे दोनशे पावलांवर वाट दरीत सरकत असते. एखाद्या दात्याने संपूर्ण वाट एकदाच काँक्रीटची करून देण्याची तयारी दर्शविली आणि पाण्याच्या निचऱ्याचा विचार न करता ती केली गेली, असे क्षणभर कल्पावे. पहिली दोन वर्षे सर्वांना समाधान वाटेल. नंतर काँक्रीटखालून पाणी माती पोखरू लागेल आणि एके दिवशी ती सलग लादी मधोमध मोडून पडेल. रचीव दगडाची पायरी हलली तर एक माणूस पहारीने ती सरळ करतो. मोडलेली लादी उचलावयास मात्र कोणी येत नाही, कारण ती आपली आहे असे आता कोणालाच वाटत नसते. दरवर्षी दुरुस्ती करणाऱ्यांचा हात त्या वाटेवरून सुटलेला असतो. द्रव्याने दगड आणता येतो. ममत्व मात्र दरवर्षी हात लावल्यानेच टिकते.

सेवा, मजुरी आणि वेठ

श्रमदानाची थोरवी गाताना आणखी एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. या देशातील कितीतरी वाटा, घाट व रस्ते वेठीने बांधले गेले. डोंगराळ भागातील गरीब माणसास हुकूम होई आणि स्वतःची शेती टाकून, स्वतःची भाकरी बांधून, त्याला विनामूल्य राबावे लागे. 1950 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आणि 1976 च्या कायद्याने वेठबिगार पद्धती रद्द ठरविली. बाहेरून पाहणाऱ्यास वेठ आणि सेवा एकसारखीच दिसते. दोन्हींत मोबदला नसतो, दोन्हींत घाम असतो. मग सेवेला सेवा का म्हणावे?

याच महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात आणखी एक दृश्य पाहिले. लाखो शेतकरी स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. त्यांनी फोडलेल्या खडीने रस्ते झाले. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हटले नाही, कारण ते पोटासाठी आले होते. त्या अनुभवातून पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्या माणसांचे कष्ट सेवेपेक्षा कमी पवित्र होते असे कोण म्हणेल? मजुरी घेतल्याने श्रम हलका होत नाही. उलट ज्या गावात हाताला काम नाही, तेथे शहरातून आलेल्या हौशी मंडळींनी फुकट दगड रचणे म्हणजे गावातील गवंड्याचा रोजगार बुडविणे होऊ शकते. पुण्याच्या नावाखाली असे होत असेल तर ते पुण्य तपासून पाहावे लागेल.

सेवेची ओळख पटण्यासाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली अशी की, न येणाऱ्यास न येण्याची मोकळीक असावी. जो आला नाही त्याच्याकडे गावाने, संस्थेने अथवा देवस्थानाने वाकड्या नजरेने पाहिले, तर दुसऱ्या वर्षी तो येईल खरा, पण ती वेठच असेल. दुसरी अशी की, बोलावणाऱ्याने स्वतः घमेले उचलावे. तिसरी अशी की, कसबाचे जे काम ज्याच्या उपजीविकेचे आहे त्याला त्याचा पूर्ण दाम मिळावा आणि स्वयंसेवकांनी त्याच्या हाताखाली राबावे. माती उपसणे, दगड वाहणे, गवत कापणे ही कामे सेवेने व्हावीत. दगड घडविण्याची व बसविण्याची मजुरी देणगीतून द्यावी. या रीतीने दात्याचे द्रव्य, कारागिराचे कसब आणि स्वयंसेवकाचे बळ ही एकमेकांस पूरक होतात आणि कोणाचेही पुण्य दुसऱ्याच्या भाकरीवर उभे राहत नाही.

दुसऱ्या कसोटीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण संत गाडगे महाराजांचे. 1876 मध्ये जन्मलेल्या आणि 1956 च्या डिसेंबरात देह ठेवणाऱ्या या संताने हातात खराटा घेऊन गावोगाव रस्ते झाडले. दिवसा गाव स्वच्छ करावे आणि रात्री त्याच लोकांपुढे कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. लोकांकडून आलेल्या द्रव्यातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा क्षेत्री धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या कार्यात दात्याचा अनादर नव्हता, दात्यावाचून धर्मशाळा झाल्याच नसत्या. परंतु ज्या जमिनीवर उभे राहून ते लोकांना उपदेश करीत ती जमीन त्यांनी आधी स्वतः झाडलेली असे. त्यामुळे त्यांच्या शब्दाला हुकमाचा वास कधी आला नाही.

वाट सोपी केल्याने यात्रा उणी होते काय?

काही भाविक मनापासून असे मानतात की, यात्रेचे पुण्य तिच्या कष्टांत असते. अनवाणी चढावे, काटे बोचावेत, श्वास लागावा, तेव्हा कोठे दर्शनाचे सार्थक होते. मग वाट बांधणारा माणूस यात्रेकरूचे पुण्य कमी तर करीत नाही ना? सप्तशृंगगडावर 2018 पासून फनिक्युलर ट्रॉलीची सोय झाली आहे. तिच्यामुळे पायऱ्या न चढताही दर्शन घडते. ट्रॉलीने जाणाऱ्याची यात्रा अपुरी समजावी काय?

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तपाला कष्टाची जोड असते. परंतु तप म्हणजे स्वतः स्वीकारलेला क्लेश. ढासळलेल्या पायरीवरून कोसळणे हे कोणी स्वीकारलेले नसते. ते दुसऱ्या कोणाच्या हयगयीचे फळ असते. अनवाणी चालण्याचे व्रत घेणाऱ्याला चांगल्या वाटेवरूनही अनवाणी चालता येते. उलट गुडघे थकलेल्या आजीला, पाठीशी मूल बांधून येणाऱ्या मातेला अथवा काठीच्या आधाराने चढणाऱ्या अंध भाविकाला वाईट वाटेवरून चालण्याची सक्ती करणारा मनुष्य स्वतःच्या तपाची किंमत इतरांकडून वसूल करीत असतो. आपल्यासाठी कष्ट निवडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, दुसऱ्यासाठी ते निवडण्याचा कोणासही नाही.

शिवाय डोंगराची वाट केवळ यात्रेकरूंची नसते. वर्षातील थोड्याच दिवसांत तिच्यावर जत्रा लोटते. उरलेल्या दिवसांत वरच्या वाडीतून दूध घेऊन उतरणारा, शाळेला जाणारी मुले, सरपणाची मोळी घेतलेल्या स्त्रिया आणि रात्री-अपरात्री झोळीत घालून खाली आणला जाणारा आजारी माणूस, यांचीच ती असते. त्यांच्यासाठी ती वाट तप नाही, यात्रा नाही. ती त्यांचे जीवन आहे. यात्रेकरूने वाटेच्या कष्टांची थोरवी गाण्यापूर्वी हा विचार केला पाहिजे.

बिहारमधील गया जिल्ह्यातील गेहलौर गावच्या दशरथ मांझी यांची कथा याच कारणाने मनाला चटका लावते. डोंगर आडवा असल्यामुळे गावाला दवाखाना दूर पडे. पत्नीच्या मृत्यूनंतर या भूमिहीन मजुराने हातोडा व छिन्नी घेऊन 1960 पासून 1982 पर्यंत, तब्बल बावीस वर्षे, एकट्याने डोंगर फोडून वाट केली. 2007 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना लोकांनी थोरवी दिली आणि ती योग्यच होती. परंतु त्या थोरवीच्या तेजात एक लाजिरवाणी गोष्ट झाकली जाते. ज्या वाटेची गरज सर्वांना होती ती करण्यासाठी एका माणसाचे आयुष्य खर्ची पडले. बावीस वर्षे लोक त्या डोंगराला वळसा घालून जात राहिले. त्यातील शंभर जणांनी वर्षातील चार दिवस दिले असते तर ते काम किती लवकर झाले असते, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. असामान्य माणसाचा गौरव करून सामान्य माणसे आपल्या कर्तव्यातून सुटत नाहीत.

ऋण कोणाचे व फेड कशी?

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. दाता, कष्टकरी आणि यात्रेकरू यांत पुण्याचा वाटा कोणाचा? प्रश्न असा मांडला की पुण्य ही जणू धान्याची रास होते आणि माप घेऊन ती वाटावी लागते. हा प्रश्न ऋणाच्या भाषेत मांडला तर उत्तर सोपे होते. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे सर्वांस परिचित आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीस चौथे मनुष्यऋण सांगितले आहे आणि आतिथ्याने त्याची फेड होते असे म्हटले आहे. वाट हे आतिथ्याचेच एक रूप होय. जो अद्याप आलेला नाही, ज्याचे नाव, गाव, जात ठाऊक नाही, तो कधीतरी येईल असे समजून त्याच्यासाठी आधीच केलेली ती सोय असते. घरी आलेल्या पाहुण्याचे तोंड दिसते. वाटेवरचा पाहुणा न दिसताच निघून जातो.

मनुष्यऋणाचे एक वैशिष्ट्य आहे. ज्याच्याकडून ते घेतले त्याला ते परत करता येत नाही. तीनशे वर्षांपूर्वी पायरी बसविणाऱ्या अनाम पाथरवटाला आज कोण काय देणार? त्याने आपल्याला दिले, आपण पुढच्याला द्यावे, एवढाच फेडीचा मार्ग उरतो. ज्येष्ठ आपल्याला बोट धरून चालवितात आणि आपण ते ऋण आपल्या मुलांचे बोट धरून फेडतो, तसेच हे आहे. या दृष्टीने पाहिले असता दाता व स्वयंसेवक यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ भाव उरत नाही. दोघेही कधी ना कधी कोणाच्या तरी वाटेवरून चाललेले असतात, म्हणून दोघेही ऋणको असतात. ऋणकोने फेड केली तर ते योग्यच, परंतु त्याबद्दल त्याने उपकाराची भाषा बोलू नये. नाव कोरावे किंवा न कोरावे हा प्रश्नही मग फारसा महत्त्वाचा राहत नाही. नाव असेलच तर ते पावतीच्या खुणेसारखे असावे, मालकीच्या खुणेसारखे नसावे.

ज्यांना हाताने काम करणे शक्य नाही त्यांनी देणगी देताना नवीन बांधकामाबरोबर देखभालीसाठीही काही भाग राखून ठेवावा. कारागिराच्या मजुरीसाठी, पहारी-घमेल्यांसाठी, चरी साफ ठेवण्यासाठी दिलेला पैसा डोळ्यांस दिसत नाही, पण तो दरवर्षी कोणाचा तरी तोल सांभाळतो. ज्यांना एक दिवस देता येईल त्यांनी हिवाळ्यात तो द्यावा आणि जाणत्यांच्या सांगण्याप्रमाणे काम करावे, मग ते चर उपसण्याचे का असेना.

जे केवळ दर्शनास येतात त्यांच्याकडूनही बरेच होण्यासारखे आहे. वळणावरून सरळ खाली उतरण्याचा मोह अनेकांना होतो. पावलांनी मळलेल्या त्या आडवाटेने पुढल्या पावसाळ्यात पाणी धावते आणि बांधलेल्या वाटेचा गळा कापते. म्हणून चार पावले जास्त पडली तरी वळणानेच जावे. प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्या चरीत टाकू नयेत. तुंबलेल्या एका चरीमुळे खालच्या वीस पायऱ्या जातात. कित्येक भाविक आपले घर व्हावे या भावनेने वाटेच्या कडेला दगडावर दगड रचतात. ही भावना निर्मळ आहे आणि तिचा उपहास कोणी करू नये. परंतु ते दगड पुष्कळदा बांधातून अथवा चरीच्या कडेवरूनच उपसलेले असतात. आपल्या घराचा संकल्प करताना सर्वांच्या वाटेचा दगड काढला जाऊ नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. त्याहून बरे म्हणजे वाटेत निखळून पडलेला एखादा दगड उचलून कडेला ठेवावा आणि संकल्प त्यावर हात ठेवून करावा.

मार्गशीर्षातील एखाद्या सकाळी दर्शन घेऊन उतरणाऱ्या भाविकास वाटेवर माणसे वाकून काम करताना दिसतील. थंडीमुळे त्यांच्या श्वासाची वाफ दिसत असेल, कपडे मातीने माखलेले असतील. ती बाजूला सरून त्याला जाण्यास जागा करून देतील. त्याने हातातील प्रसाद त्यांच्या ओंजळीत द्यावा. पुढे चालताना एकदा पायांखाली पाहावे. जेथे पाय अडखळला नाही, तेथे कोणाचा तरी हात लागलेला आहे.